पुण्यातील एका गच्चीवरून सात ग्रह: जुलै २०२४ ते नोव्हेंबर २०२५

पृथ्वी वगळता सूर्यमालेतील उरलेले सातही ग्रह स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे, आणि शक्य तोवर आपल्या राहत्या इमारतीच्या गच्चीवरूनच पाहायचे, असे मी जुलै २०२४ मध्ये ठरवले. नोव्हेंबर २०२५ मध्ये सातवा ग्रह पाहून त्याची खात्रीही झाली. मी बँकेत नोकरी करते, खगोलशास्त्राचे कोणतेही औपचारिक शिक्षण माझ्याकडे नाही, आणि या सव्वा वर्षात मला पडलेले बरेचसे प्रश्न दुर्बिणीपेक्षा गच्चीच्या चावीचे, पावसाळ्याचे आणि पैशांचे होते. ग्रहांविषयीच्या पुस्तकांत या प्रश्नांची उत्तरे सहसा मिळत नाहीत, म्हणून सगळा क्रम इथे लिहीत आहे.

सुरुवात अर्जापासून झाली. आमच्या सोसायटीची गच्ची रात्री दहानंतर कुलूपबंद असते आणि चावी सुरक्षारक्षकाकडे राहते. मी सचिवांच्या नावे अर्ज लिहिला, त्यात दुर्बिणीचा आकार, वजन, साधारण वेळा आणि कारण नमूद केले, दोन प्रती काढल्या आणि एकीवर पोच घेतली. व्यवस्थापन समितीची बैठक महिन्यातून एकदा होते, त्यामुळे निर्णय ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात आला. समितीने दोन शंका विचारल्या. पहिली सुरक्षिततेची होती, आणि दुसरी, जी मला अगदी रास्त वाटली, ती अशी की दुर्बीण समोरच्या इमारतींच्या खिडक्यांकडे वळणार नाही याची हमी काय. त्यावर दुर्बीण कठड्याच्या पातळीखाली कधीही वळवणार नाही, तारा आणि टाक्यांना हात लावणार नाही, आणि प्रत्येक वेळी चावी घेतल्याची व परत केल्याची नोंद वहीत करीन, असे हमीपत्र मी शंभर रुपयांच्या मुद्रांकावर दिले. ऑक्टोबर २०२४ पासून राज्यात शंभराऐवजी पाचशे रुपयांचा मुद्रांक लागू झाला आहे, त्यामुळे आपल्या सोसायटीला साध्या कागदावरचे हमीपत्र चालेल का, हे आधी विचारून घ्यावे. परवानगी एका वर्षासाठी मिळाली.

दुर्बिणीची खरेदी त्यानंतरची. बाजारात '६७५ पट मोठे दाखवणारी' अशा जाहिरातीने सात-आठ हजारांना मिळणाऱ्या दुर्बिणी आहेत. दुर्बिणीचे खरे मोल तिच्या आरशाच्या किंवा भिंगाच्या व्यासात असते, कारण किती प्रकाश गोळा होतो आणि किती बारीक तपशील वेगळा दिसतो हे व्यासावर ठरते. आकारवर्धन केवळ आयपीस, म्हणजे डोळा लावायचे भिंग, बदलून हवे तितके वाढवता येते, पण व्यास लहान असेल तर प्रतिमा मोठी होते आणि पुसटही होते. साधारण नियम असा सांगतात की व्यास जितके मिलिमीटर, त्याच्या दुपटीपलीकडे आकारवर्धन नेऊ नये. मी १५० मिलिमीटर व्यासाची, १२०० मिलिमीटर नाभीय अंतराची (आरशापासून प्रतिमा जिथे बनते तिथपर्यंतचे अंतर) डॉब्सोनियन घेतली, म्हणजे लाकडी बैठकीवर फिरणारी साधी परावर्ती दुर्बीण. तिला मोटर नाही, वीज लागत नाही, आणि ग्रह पृथ्वीच्या परिवलनामुळे दृष्टिक्षेत्रातून सरकू लागला की हाताने हलकेच ढकलत राहावे लागते. २५, १० आणि ६ मिलिमीटरच्या आयपीसनी अनुक्रमे ४८, १२० आणि २०० पट आकारवर्धन मिळते. जीएसटी आणि वाहतुकीसह एकूण खर्च सुमारे पंचेचाळीस हजार रुपये आला, आणि १०×५० ची (दहा पट, ५० मिलिमीटर भिंगांची) द्विनेत्री, म्हणजे बायनॉक्युलर, साडेसहा हजारांना वेगळी घेतली. माल आयात होऊन येत असल्याने निम्मी रक्कम आगाऊ भरून दुर्बिणीसाठी महिनाभर थांबावे लागले. एवढा खर्च करायचा नसेल तर फक्त द्विनेत्रीही पुष्कळ काही दाखवते. पैसे गुंतवण्याआधी एखाद्या संस्थेच्या आकाशदर्शनाला जावे हे सर्वांत उत्तम. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हे काम करते आहे, मुंबईकरांसाठी खगोल मंडळ आहे, आणि दुसऱ्याच्या दुर्बिणीतून एकदा शनी पाहिला की आपल्याला हे किती हवे आहे ते लगेच कळते.

सप्टेंबरच्या शेवटी दुर्बीण आली तेव्हा आकाश ढगाळ होते. महाराष्ट्रात ग्रह पाहणाऱ्याने जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत फारशी अपेक्षा ठेवू नये. ते आठवडे मी आकाशाचा नकाशा शिकण्यात घालवले. स्टेलॅरियम हे संगणकावरचे मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यात आपले ठिकाण आणि वेळ टाकली की त्या क्षणाचे आकाश दिसते. सूर्य, चंद्र आणि सर्व ग्रह आकाशात साधारण एकाच पट्ट्यातून फिरतात, ज्याला क्रांतिवृत्त म्हणतात, आणि आपल्या बारा राशी याच पट्ट्यात आहेत. पुणे सुमारे साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर असल्याने हा पट्टा आपल्याकडे आकाशात बराच उंचावरून जातो. युरोपातील निरीक्षकांना अनेकदा क्षितिजाजवळच्या धुरकट हवेतून ग्रह पाहावे लागतात, आपल्याला ते डोक्याजवळ मिळतात. हे आपल्या प्रदेशाचे मोठे भाग्य आहे असे मी मनापासून मानते.

पहिला ग्रह शनी. त्याची प्रतियुती ८ सप्टेंबर २०२४ रोजी झाली होती. प्रतियुतीच्या वेळी पृथ्वी सूर्य आणि ग्रह यांच्या मधोमध येते, ग्रह सूर्यास्ताला उगवून रात्रभर दिसतो आणि त्या वर्षातील जवळपास सर्वांत मोठा व तेजस्वी असतो. नंतरचे दोन-तीन महिनेही तो संध्याकाळी सोयीने दिसतो, त्यामुळे तारीख हुकली म्हणून वाईट वाटण्याचे कारण नसते. कोजागरीला, १६ ऑक्टोबरला, सोसायटीतील सगळे दूध घेऊन गच्चीवर होते, पण ढग येत-जात राहिले. त्याच आठवड्यात एका रात्री आकाश उघडले. कुंभ राशीतला तो पिवळसर, न लुकलुकणारा ठिपका मी ४८ पटीत मध्यभागी आणला, मग १२० पटीचा आयपीस लावला, आणि बिंबाच्या दोन्ही बाजूंना बाहेर आलेली एक बारीक, सरळ कडी दिसली. छायाचित्रांतल्यासारखी ती रुंद नव्हती. शनीला सूर्याभोवती फिरायला साडेएकोणतीस वर्षे लागतात आणि त्या काळात दोनदा कड्यांचे प्रतल पृथ्वीच्या रेषेत येते. २३ मार्च २०२५ रोजी तसे होणार होते, त्यामुळे ऑक्टोबरमध्ये कड्यांचा कल जेमतेम पाच अंशांच्या आसपास उरला होता. तरीही ती कडी होती, तिच्याजवळ टायटन हा उपग्रह स्पष्ट होता, आणि हे सगळे सुमारे १३० कोटी किलोमीटर अंतरावरून येणाऱ्या प्रकाशात मी प्रत्यक्ष पाहत होते. बराच वेळ मी कोणालाही हाक मारली नाही. मग शेजारच्या आजींना वर बोलावले. त्यांनी डोळा लावला, आणि "अगं, हा तर खरंच कडीवाला आहे," एवढेच म्हणून त्या पुन्हा पाहू लागल्या.

इथे आकाराविषयी थोडे लिहायला हवे, कारण नवख्या माणसाची निराशा इथेच होते. चंद्राचे बिंब आकाशात सुमारे १८०० विकलांचे असते (एका अंशाच्या ३६०० विकला). शनीचे बिंब जेमतेम १९ विकलांचे, म्हणजे १२० पटीत ते नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या चंद्राहून किंचित मोठे भरते. हिशेबाने ते लहान नाही, पण काळ्या वर्तुळात एकटे असल्याने मनाला लहान भासते. आयपीसला डोळा लावून निदान दहा मिनिटे स्थिर बसावे. हवा मधेच क्षणभर शांत होते, त्या क्षणात तपशील उमटतो, आणि डोळा हळूहळू ते क्षण पकडायला शिकतो. गच्चीचा स्लॅब दिवसभर तापलेला असतो व रात्री उष्णता सोडतो, त्याने प्रतिमा थरथरते. मी पाण्याच्या टाकीच्या पूर्वेचा, दुपारनंतर सावलीत राहणारा कोपरा निवडला, दुर्बीण अर्धा-पाऊण तास आधी बाहेर ठेवून आरसा थंड होऊ दिला, आणि महत्त्वाचे निरीक्षण दहानंतर ठेवले. ग्रहांसाठी चांदणे अडचणीचे नसते आणि शहराचा उजेडही फारसा आड येत नाही, हे मात्र लक्षात ठेवावे.

नोव्हेंबरात दिवाळीचा धूर ओसरल्यावर गुरूकडे वळले. त्याची प्रतियुती ७ डिसेंबर २०२४ रोजी वृषभ राशीत झाली. गुरू नवशिक्यासाठी सर्वांत उदार ग्रह आहे, असे माझे ठाम मत आहे. त्याचे ४८ विकलांचे बिंब, विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंचे तपकिरी पट्टे, ध्रुवांकडे थोडे चपटे झालेले कडेचे वर्तुळ, हे सगळे पहिल्याच रात्री दिसते. गुरू स्वतःभोवती दहा तासांहून कमी वेळात फिरतो, म्हणून संध्याकाळी न दिसलेला त्याच्यावरच्या प्रचंड वादळाचा तांबडा डाग मध्यरात्री समोर येऊ शकतो. आयो, युरोपा, गॅनिमीड आणि कॅलिस्टो हे चार उपग्रह गॅलिलिओने जानेवारी १६१० मध्ये पाहिले होते, आणि ते द्विनेत्रीतही दिसतात. मी दर रात्री वहीत एक वर्तुळ आणि त्याच्या बाजूला ठिपके काढू लागले. आयो पावणेदोन दिवसांत फेरी पूर्ण करतो, त्यामुळे दोन तासांतही त्याची जागा बदललेली कळते. एका रात्री आयोची सावली गुरूच्या बिंबावरून सरकताना दिसली, एक नेमका काळा ठिपका. तिथे त्या ठिपक्याखाली सूर्यग्रहण चालू आहे, हे मनात आले आणि अंगावर काटा आला. १६७६ मध्ये डॅनिश खगोलशास्त्रज्ञ रोमरने याच आयोच्या ग्रहणांच्या वेळांत पडणाऱ्या फरकावरून प्रकाशाला वेग आहे हे दाखवून दिले होते. एक व्यावहारिक अडचण सांगते: त्या हिवाळ्यात गुरू आपल्याकडे जवळजवळ डोक्यावरून जात होता, आणि डॉब्सोनियन दुर्बीण सरळ उभी झाली की आडवी फिरवणे कठीण जाते. ग्रह साठ-सत्तर अंशांवर असतानाच पाहून घ्यावा.

डिसेंबरच्या अमावास्यांच्या आसपास युरेनस शोधला, ज्याला आपल्या पंचांगात हर्षल म्हणतात. खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेलने १३ मार्च १७८१ रोजी तो शोधला, आणि सूर्याभोवती त्याची एक फेरी ८४ वर्षांची आहे. कृत्तिकेच्या नैर्ऋत्येला काही अंशांवर तो होता, द्विनेत्रीत इतर ताऱ्यांसारखाच. स्टेलॅरियममधून त्या भागाचा नकाशा छापून घेतला, लाल कागद लावलेल्या टॉर्चच्या उजेडात तारे जुळवले आणि संशयित ठिपक्याला २०० पट केले. तारा कितीही मोठा केला तरी टोकदार बिंदूच राहतो. हा मात्र फिकट हिरवट, छोटीशी चकती झाला. त्याची जागा मी आजूबाजूच्या ताऱ्यांसह कागदावर मांडून ठेवली. तीन आठवड्यांनी पुन्हा पाहिले तेव्हा तो पश्चिमेकडे चंद्रबिंबापेक्षा थोडा अधिकच सरकला होता. शंका राहिली नाही. असे दोनदा पाहून जागा ताडण्याची पद्धत दूरच्या ग्रहांसाठी प्रत्येकाने वापरावी.

जानेवारी मंगळाचा आणि शुक्राचा. याच सुमारास 'सगळे ग्रह एका ओळीत' असे संदेश मोबाइलवर फिरू लागले आणि सोसायटीतील कितीतरी कुटुंबे चौकशीला आली. शुक्र, शनी, गुरू आणि मंगळ हे चार ग्रह संध्याकाळी नुसत्या डोळ्यांनी एकाच वेळी दिसत होते, ही गोष्ट खरी आणि सुंदर होती. ते क्रांतिवृत्ताच्या कमानीवर पश्चिमेपासून पूर्वेपर्यंत पसरलेले होते. १८ जानेवारीच्या संध्याकाळी शुक्र आणि शनी यांच्यात केवळ दोन-सव्वादोन अंशांचे अंतर होते. त्या आठवड्यात चावीची नोंदवही रोज भरत होती, आणि समितीचे सदस्यही वर येऊन गेले.

मंगळाची प्रतियुती १६ जानेवारी २०२५ रोजी झाली. तो दर सव्वीस महिन्यांनी असा जवळ येतो, पण त्याची कक्षा लंबवर्तुळाकार असल्याने प्रत्येक वेळचे अंतर वेगळे असते. २००३ मध्ये तो साडेपाच कोटी किलोमीटरच्या थोडा पलीकडे होता, या वेळी १२ जानेवारीला सुमारे ९ कोटी ६० लाखांवर. बिंब साडेचौदा विकलांचे. पहिल्या काही रात्री मला केवळ नारिंगी गोळा दिसला. मग एका थंड, अगदी स्थिर रात्री २०० पटीत उत्तर ध्रुवाचा पांढरा ठिपका आणि मधोमध राखाडी डाग उमटले. मंगळाचा दिवस आपल्या दिवसापेक्षा साधारण ३७ मिनिटांनी (ताऱ्यांच्या संदर्भात मोजल्यास) मोठा आहे, त्यामुळे रोज ठरलेल्या वेळी पाहिले तर तोच डाग थोडा थोडा मागे पडत जातो आणि पाच-सहा आठवड्यांत सगळा गोल पाहून होतो. याहूनही अधिक मला त्याच्या चालीने शिकवले. ७ डिसेंबरला तो कर्क राशीत पुष्याच्या पुंजक्याजवळ थबकला, मग उलटा फिरून जानेवारीत पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांजवळ आला आणि २४ फेब्रुवारीनंतर पुन्हा सरळ चालू लागला. पंचांगात वक्री आणि मार्गी हे शब्द मी लहानपणापासून वाचत आले होते. दर आठवड्याला नकाशावर एक टिंब काढत गेल्यावर ते वळण माझ्या हाताखाली तयार झाले. पृथ्वी आतल्या कक्षेतून वेगाने पुढे जाताना बाहेरचा मंगळ मागे सरकल्यासारखा भासतो, हे कारण त्या कागदाकडे पाहूनच मला पुरते समजले.

शुक्र १० जानेवारीला सूर्यापासून ४७ अंश दूर होता आणि दुर्बिणीत अष्टमीच्या चंद्रासारखा अर्धा दिसत होता. फेब्रुवारीत त्याची कोर होत गेली, पण बिंब मोठे होत गेले, कारण तो पृथ्वीकडे येत होता. मार्चच्या सुरुवातीला ती बारीक कोर द्विनेत्रीतही ओळखू येत होती. पूर्ण अंधारात शुक्राचे तेज डोळ्यांवर येते, म्हणून त्याला सूर्यास्तानंतर लगेच, आकाश निळे असतानाच पाहावे.

बुधासाठी मोजकेच दिवस हाती असतात. तो सूर्यापासून कधीही २८ अंशांपेक्षा दूर जात नाही, आणि ८ मार्च २०२५ रोजी तर कमाल अंतर १८ अंशच होते, म्हणजे सूर्यास्तानंतर सव्वा तासाच्या आत तो मावळणार होता. आमच्या गच्चीच्या पश्चिमेला दोन उंच इमारती आहेत. त्यांच्या मधल्या फटीतून क्षितिजाचा किती भाग दिसतो हे मी आधीच होकायंत्राने पाहून ठेवले होते, आणि बुध जवळजवळ थेट पश्चिमेला मावळणार असल्याने ती फट पुरणार होती. काही संध्याकाळी धूलिकणांमुळे काहीच दिसले नाही. मग एके दिवशी सूर्यास्तानंतर साधारण अर्ध्या तासाने, शुक्राच्या खाली डावीकडे द्विनेत्रीत एक गुलाबी ठिपका आला, आणि एकदा जागा कळल्यावर तो नुसत्या डोळ्यांनीही दिसला. वीसेक मिनिटे पुरला. सूर्य पूर्ण मावळल्याची खात्री होईपर्यंत द्विनेत्री किंवा दुर्बीण पश्चिमेकडे वळवू नये. क्षणभरही सूर्य त्यातून दिसला तर डोळ्याला कायमची इजा होते, म्हणून मुले सोबत असतील तर उपकरण मोठ्यांच्याच हाती ठेवावे.

त्यानंतर थांबणे आले. नेपच्यून २०२४ च्या हिवाळ्यात मागे राहिला होता, आणि आता तो पावसाळ्यानंतरच मिळणार होता. ऑगस्टमध्ये परवानगीच्या नूतनीकरणाचा अर्ज दिला. या वेळी जुन्या हमीपत्राची प्रत आणि नोंदवहीतील पानांच्या छायाप्रती जोडल्या, आणि तो त्याच बैठकीत मंजूर झाला. शनीची प्रतियुती २१ सप्टेंबर २०२५ रोजी आणि नेपच्यूनची २३ सप्टेंबरला होती, आणि दोघे आकाशात एकमेकांच्या शेजारी होते. त्यामुळे शोध सोपा झाला: शनी दिसला की त्याच्या डावीकडे तीन-साडेतीन अंशांवर शोधायचे.

दिवाळीनंतर, ऑक्टोबरच्या अखेरीस, नकाशा घेऊन बसले. नेपच्यून नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, शहरातून द्विनेत्रीतही कठीण जातो, पण १५० मिलिमीटरच्या दुर्बिणीत निळसर ठिपका म्हणून सापडतो. २०० पटीत त्याची चकती चंद्राच्या पाव आकाराची होते, आणि तीही हवा स्थिर असेल तरच. गॅलिलिओने डिसेंबर १६१२ मध्ये गुरू पाहताना हा ठिपका वहीत तारा म्हणून नोंदला होता. ग्रह म्हणून तो २३ सप्टेंबर १८४६ रोजी बर्लिनच्या वेधशाळेत, फ्रेंच गणितज्ञ ल व्हेर्ये यांच्या गणितावरून तिथले खगोलशास्त्रज्ञ गाले यांना सापडला. मी पाहत होते तो प्रकाश तिथून चार तासांपूर्वी निघालेला होता. ठिपका आणि भोवतीचे पाच तारे कागदावर काढले. नोव्हेंबरच्या चौथ्या आठवड्यात तेच तारे पुन्हा लावले तेव्हा पाचही आपापल्या जागी होते आणि तो निळसर ठिपका पश्चिमेकडे चंद्रबिंबाएवढा सरकलेला होता. शेजारी शनीची कडी तेव्हा सुईसारखी रेघ उरली होती, कारण त्या दिवसांत तिचा कल अर्ध्या अंशाहूनही कमी होता.

हे लिहिले तेव्हा, २०२५ च्या अखेरीस, सुरुवात करू इच्छिणाऱ्यांसाठी वेळ सोयीची होती. १० जानेवारी २०२६ रोजी गुरू मिथुन राशीत प्रतियुतीत येणार होता आणि मार्चपर्यंत संध्याकाळी उंचावर दिसणार होता. शनी जानेवारीअखेरपर्यंत पश्चिमेला मिळणार होता. मंगळासाठी मात्र १९ फेब्रुवारी २०२७ च्या प्रतियुतीची वाट पाहावी लागेल. सोसायटीकडे अर्ज करायचा असेल तर तो आजच लिहावा, कारण बैठकीला महिना जातो.